काडतुसाची सोयरीक

आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंसुद्धा देवरे नानांच्या बंगल्याकडे बोट दाखवलं असतं. पाल दिसली की नाना अंगणात. वीज कडाडली की नाना देवघरात. दुपारी अवेळी फोन वाजला तर तो ते स्वतः उचलायचे नाहीत. माईंना, म्हणजे बायकोला, उचलायला लावायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बाजूला उभे राहायचे. दिवाळीचे चारही दिवस कानात कापसाचे बोळे. स्कूटर होती, पण चौकात समोरून ट्रक येताना दिसला की उतरून कडेला उभं राहायची सवय, त्यामुळे ती चालवण्यापेक्षा ढकलण्यातच जास्त जायची. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, बारीक अंगाचा, स्वच्छ लेंगा-शर्टातला माणूस. मी शाळेत मास्तरीण, त्यात तोंडानं फटकळ. त्यांची थट्टा करायची एकही संधी मी सोडत नसे.

आणि ह्या माणसाकडे रायफल होती.

ते कळलं निवडणुकीमुळे. नव्वदच्या दशकातली कुठलीशी निवडणूक. मतदान जवळ आलं की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका सकाळी नाना सतरंजीत काहीतरी लांबलचक गुंडाळून रिक्षाची वाट बघत फाटकात उभे. कपाळावर घाम. मी विचारलं, काय आहे हो? तर म्हणाले, बंदूक. मला आधी हसूच फुटलं. म्हटलं, नाना, ही कशाला ठेवलीय, पाली मारायला? ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मला हिचीपण भीती वाटते." आणि रिक्षात बसताना त्यांनी ती तान्हं मूल धरावं तशी मांडीवर आडवी धरली.

रायफल वडिलांची. नाना मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, तिथे त्यांची शेती होती आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून वडिलांच्या नावावर परवाना होता. वडील गेल्यावर तो नानांच्या नावावर झाला. जुन्या पद्धतीची बोल्टची रायफल, प्रत्येक गोळीनंतर खटका हातानं मागे ओढून पुढे ढकलायचा. शिकार कायद्यानं कधीच बंद झालेली. नानांनी ह्या रायफलीनं उभ्या आयुष्यात एक ससाही मारलेला नव्हता. पण वर्षातून काही वेळा ते गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचे आणि कागदावर गोळ्या मारून यायचे. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आमच्या मारुतीतून त्यांना सोडायचे. एकट्यानं बंदूक घेऊन जायची नानांना भीती वाटायची ना.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नाना तिथे नेम शिकायला जातच नाहीत. ते काडतूस शोधायला जातात.

झालं असं की रायफल एक असली तरी तिला प्रत्येक काडतूस मानवत नाही. वरून सगळी सारखी दिसतात, पेटीवर नावही तेच. पण कारखान्यातून निघताना एका लॉटची दारू थोडी जोरकस असते, दुसऱ्याची जरा मंद, गोळीच्या वजनात गुंजभर फरक. माणसाला तो कळत नाही, नळीला कळतो. एका लॉटच्या गोळ्या कागदावर एकमेकींना चिकटून बसतात, दुसऱ्याच्या वीतभर पांगतात. नाना नवी पेटी आणली की त्यातली दोन-तीन मारून बघायचे आणि येताना गाडीत निकाल सांगायचे: "ह्या लॉटशी सोयरीक नाही जमायची." किंवा, "मुलगी चांगली आहे हो, पण आमच्या घरात नांदणार नाही." परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळतात, त्यामुळे बघण्याच्या कार्यक्रमातच निम्मी संपायची. मग पुन्हा दुसरं दुकान, दुसरी पेटी. नाशिकचे, मालेगावचे, धुळ्याचे बंदुकवाले त्यांना ओळखायला लागले होते. नाना दुकानात शिरले की ते म्हणायचे, या वरबाप!

एका वर्षी सोयरीक जमली. नाना मारुतीतून उतरले ते हातात कागद घेऊनच आमच्याकडे आले. सगळी भोकं इतकी जवळ, की वर एक पुरी ठेवली असती तर झाकली गेली असती. माईंनी त्या दिवशी शिरा केला. उरलेली काडतुसं नानांनी बिस्किटाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून कपाटात कुलुपात ठेवली आणि परत रेंजवर गेलेच नाहीत. मी म्हटलं, आता मारा की मनसोक्त. तर म्हणाले, छे छे, ही कामाची आहेत. मी म्हटलं, कसलं काम? त्यावर त्यांनी सुकदेवची गोष्ट सांगितली.

सुकदेव त्यांच्या नामपूरच्या शेतावरचा सालगडी. नाना कॉलेजात होते तेव्हा गावाबाहेर एक बिबट्या गुरं मारायला लागला होता. वडिलांनी रायफल काढली. घरात होती ती काडतुसं घेतली, कुठली, कधीची, कुणी बघितलं नाही. गोळी हातभर खाली लागली. बिबट्या लंगडत नाल्यात गेला. जखमी जनावर सोडून यायचं नाही म्हणून दोघं मागोमाग उतरले, सुकदेव पुढे. नाना वर काठावर उभे होते. खालून सुकदेवचा आवाज आला, आणि मग वडिलांचा. सुकदेवच्या डोक्याची कातडी पुढे डोळ्यांवर आली होती. त्याला मालेगावला दवाखान्यात नेला, आठवडाभरानं तो गेला. वडिलांनी त्यानंतर रायफलीला हात लावला नाही.

मी विचारलं, मग विकून का नाही टाकली? नाना म्हणाले, "विकली तर घेणारा कुठली काडतुसं भरील, मला काय माहीत?"  त्या दिवसापासून मी पालीवरून त्यांना चिडवणं बंद केलं.

दोन हजार साल उलटल्यावर आमच्याकडे बिबटे वाढले. ऊस वाढला, बागा वाढल्या, त्यात ते राहायला लागले, तिथेच त्यांची पिल्लं व्हायला लागली. गंगापूर रोडलासुद्धा सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी हातात काठ्या घेतल्या. निफाडकडच्या एका गावात, नाव नको घ्यायला, एका बिबट्यानं माणसं धरायला सुरुवात केली. आधी एक म्हातारी, मग एक मूल. वनखात्यानं पिंजरे लावले, आत शेळ्या बांधल्या. तो पिंजऱ्याभोवती फिरून जायचा, पंजे उमटलेले दिसायचे, आत काही शिरायचा नाही. संध्याकाळी गावात दिवेलागणीच्या आधीच दारं बंद. द्राक्षबागेत कामाला पेठ-सुरगाण्याकडची माणसं आलेली, ती मात्र ताडपत्रीच्या पालात. त्यांना लावायला दारच नव्हतं.

शेवटी वरून गोळी घालायची परवानगी आली. वनखात्याचा नेहमीचा नेमबाज पाय मोडून पडलेला. कुणीतरी रेंजरसाहेबांना नानांचं नाव सांगितलं. साहेब घरी आले तेव्हा मी तिथेच होते. वाटलं, नाना आता खाटेखाली जाऊन बसतात. नाना थरथरत होते, खोटं कशाला सांगू.  पण त्यांनी एवढंच विचारलं की किती अंतरावरून मारायचा, आणि म्हणाले, येतो. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "बाई, काडतुसं आहेत ना माझ्याकडे. सुकदेवसारखं नाही होणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात उभी राहिली. नानांनी डबा घेतला, रायफल घेतली. माईंनी ओवाळलं. भीतीनं त्यांचेही ओठ सुकले होते, पण नवऱ्याला धीर द्यायला म्हणून त्या म्हणाल्या, "काही काळजी करू नका. दसऱ्याला तुमच्या डोळ्याला पट्टी होती ना, तेव्हा मी तुमच्या काडतुसांचीपण पूजा केलीय. तेल-कुंकू लावून, पुसून, नीट ठेवलीत परत."

दरवर्षी दसऱ्याला रायफल पाटावर ठेवून तिला झेंडूचं फूल वाहत, पण काडतुसांचा डबा नाना कुणाला काढू देत नसत. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, किल्ली माईंकडे. नवऱ्याच्या डोळ्याचं भलं व्हावं म्हणून बाईनं जरा जास्तच मनोभावे पूजा केली होती.

नानांनी हळू आवाजात विचारलं, तेल कुठे लावलंस?

माई म्हणाल्या, "मागे गोल ठिपका असतो ना, टिकली लावायला केल्यासारखा, तिथेच. सगळ्यांना."

तो ठिपका म्हणजे काडतुसाची टोपी. खटक्याची सुई तिच्यावरच आपटते आणि दारू पेटते. तिथून तेल आत उतरलं असेल तर नुसताच टक् असा आवाज होणार. किंवा गोळी सुटेल पण अर्ध्या जोरानं, वीतभर खाली. नाना ओट्यावरच बसले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. माईंना काय झालं ते कळत नव्हतं, त्या कुंकवाचं ताट हातात धरून आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या.

रेंजरसाहेब म्हणाले, दुसरी घेऊ. आमचे हे म्हणाले, ह्यातलंच एक मारून बघा की. नाना म्हणाले, एक उडेल हो. पण ते उडालं म्हणून पुढचं उडेल हे कुणी सांगावं? आणि दुसऱ्या लॉटची नळीला मानवत नाहीत. जखमी करून उसात सोडला तर उद्या ऊस तोडणारे त्यात जातील. आज नको. मला त्याच लॉटची काडतुसं शोधू द्या. साहेबांना ते पटलं. मलाही पटलं, हे मुद्दाम सांगते. तिथे उभ्या असलेल्या एकालाही त्यात चूक दिसली नाही. साहेबांनी जास्तीची काडतुसं घ्यायला कागद करून दिला आणि जीप रिकामी परत गेली.

नाशिकच्या दुकानदारानं सांगितलं, तो लॉट माझ्याकडे संपला, मालेगावला एखादी पेटी पडलेली असेल. दुसऱ्या दिवशी पहाटेच आमचे हे नानांना घेऊन मालेगावला गेले. तर शुक्रवार. मालेगाव शुक्रवारी बंद असतं, हे बागलाणातच वाढलेल्या नानांना त्या धांदलीत आठवलं नव्हतं. दुकानाला कुलूप. शेजारी म्हणाला, मालक नांदगावला लग्नाला गेलेत. मग नांदगाव. तिथे तो बंदुकवाला पंगतीत बसलेला, पानात जिलेबी पडलेली. नाना त्याच्यासमोर हात जोडून उभे. बिचारा भला माणूस, हात धुऊन गाडीत बसला, मालेगावला येऊन त्यानं कुलूप उघडलं. तोच लॉट, न फोडलेली पेटी. ह्यांनी सांगितलं की पेटी हातात आल्यावर नाना रस्त्यातच रडले. परत यायला अंधार पडला. रेंज बंद झालेली. सकाळी मारून बघू आणि तसेच गावाला निघू, असं ठरलं.

सकाळी रेंजवर नानांनी गोळ्या मारल्या, एकीला एक चिकटून बसल्या. कागद हातात घेऊन ते वळले तर समोर रेंजरसाहेब. आदल्या संध्याकाळी, नानांची गाडी मालेगावहून येत होती त्याच सुमाराला, बिबट्यानं पालातून एक मुलगी नेली होती. सुरगाण्याकडच्या मजुरांची. चार वर्षांचीही नसेल. नानांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि जीपमध्ये बसले. 

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत त्यांनी तो बिबट्या मारला. विहिरीच्या धक्क्यावर बसून, उसाच्या कडेला तो बाहेर आला तेव्हा, एका गोळीत. जागच्या जागी. आमचे हे मागे बसले होते. म्हणाले, गोळी सुटेपर्यंत त्यांचे दात वाजताना मला ऐकू येत होते. पुढे तपासणी झाली, जनावर तेच निघालं. दुसरं कुणी मेलं नाही त्यानंतर.

गावानं सत्कार ठेवला. नाना नको म्हणत होते, सरपंचांनी ऐकलं नाही. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, माईक, नारळ, शाल. माई आणि मीही गेलो होतो. भाषणात कुणीतरी म्हणालं, एका गोळीत गाव मोकळं केलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात बायकांच्या मागून एक पोरगी उठली. पोरगीच ती, विशीचीही नसेल, लुगड्याचा काष्टा घातलेली; बिबट्यानं नेलेल्या मुलीची आई. ती सरळ नानांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. कुणीतरी तिला बाजूला घ्यायला लागलं, नानांनी हातानं थांबवलं.

तिनं विचारलं, "बाबा, एकच गोळी लागली ना?"

नाना म्हणाले, एकच.

"मंग ती एक तुमच्यापाशी नव्हती का?"

भांडायला आली नव्हती ती. खरंच विचारत होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार की बंदूकवाला दोन दिवस गोळ्या शोधत होता.  माझ्या शेजारी माईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

त्यानंतर माईंचं जेवण तुटलं. बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. देवघरात जाईना. मी समजवायला गेले तर एकच म्हणायची, माझ्या हाताच्या तेलानं ती पोर गेली हो. मी चांगलं खडसावलं, गोड बोलून झालं, काही उपयोग नाही. मला भीती वाटायला लागली की ही बाई आता ह्यातून उठत नाही. आणि नाना त्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहायचे, आत जायचे नाहीत.

एक दिवस ते आमच्याकडे आले. म्हणाले, ती तेल लावलेली काडतुसं मारून बघायचीत. बाई, तुम्हीपण चला. तुम्ही तोंडावर खरं बोलता, मला तसं माणूस हवंय बरोबर. मी गेले.

रेंजवर मी पहिल्यांदाच गेले होते. नाना आडवे झाले. पहिलं काडतूस भरलं. मी मनात म्हणत होते, नको उडू देऊस, देवा, नको उडू देऊस. धाडकन आवाज झाला. नाना म्हणाले, एक उडणारच. दुसरं उडालं.  खटका मागे, खटका पुढे, आवाज. खटका मागे, खटका पुढे, आवाज. सगळीच्या सगळी उडाली. आमचे हे जाऊन कागद घेऊन आले आणि तो कुणाला न दाखवताच उभे राहिले. नानांनी हात पुढे केला. सगळी भोकं तळहाताखाली झाकली जात होती. तेल टोपीच्या आत उतरलंच नव्हतं. माईंनी पुसून ठेवली होती ना, नीट पुसली होती बाईनं.

 परत येताना कॉलनी जवळ आल्यावर आमचे हे आरशात न बघता म्हणाले, "नाना, हे कुणाला कळायची गरज नाही. उडाली नाहीत असं म्हणा. तुम्ही केलं ते बरोबरच केलं होतं." मी, एवढी फटकळ बाई, गप्प बसले. कारण मलाही तेच म्हणायचं होतं. नानांनी त्या पालातल्या चिमुरडीला सुकदेवच्या भीतीपायी मरू दिलं, हे वाक्य जगात कुणीच कधी बोलू नये असं मला वाटत होतं.

नाना म्हणाले, "आणि ती तिकडे जेवत नाहीये, तिचं काय?"

माई ओट्यावर बसल्या होत्या. नाना फाटक उघडून आत गेले आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, "सगळी उडाली. तुझ्या तेलानं काहीच झालेलं नव्हतं."

माईंच्या चेहऱ्यावर जरासा जीव आला. मी बघितलं ते. मग त्यांनी नानांकडे नीट पाहिलं आणि चेहरा पुन्हा उतरला.

"म्हणजे," माई म्हणाल्या, "तुम्ही त्याच दिवशी गेला असतात तर..."

"हो," नाना म्हणाले.

माई उठल्या. त्यांनी नानांच्या हातातली सतरंजीत गुंडाळलेली रायफल काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांना धरून आत नेलं. आम्ही दोघं फाटकाशीच उभे राहिलो. आत रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन ऐकत होते. कुणाचाच आला नाही, आणि मला त्याचीच फार भीती वाटली.